व्हिडिओ गेमची इर्जिक

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरची तीन माणसं खडी फोडायला जायची आणि चौथा, म्हणजे मी, शाळेत जायचा. खडी फोडणारे म्हणजे आबा, माय आणि माझा थोरला भाऊ. भाऊ तेव्हा सहावीत होता. रस्त्याच्या कामावर लहान पोरांना हजेरीवर घेत नसत. म्हणून त्यानं डोक्याला आबांचा पटका गुंडाळला, आवाज जाड केला आणि वय वाढवून सांगितलं. हजेरी घेणाऱ्या कारकुनानं त्याला खालवर बघितलं आणि लिहून घेतलं. त्या दिवशी भावाची शाळा सुटली ती सुटलीच.

खायला मिलोची, म्हणजे रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी. "तव्यावर फुगत न्हाय आन् पोटात गेल्यावर फुगतीया," असं माय त्या भाकरीबद्दल म्हणायची. बैलजोडी छावणीवर नेली होती, त्यातला एकच बैल परत आला. शेजारी राहणाऱ्या चुलत्यांचाही एकच उरला. मग एक बैल आमचा आणि एक त्यांचा अशी जोडी करून दोन्ही घरची शेती सुरू झाली. पुढं बैल बदलले, पण ही वाटणी तशीच राहिली. दोन घरचे बैल एका जुवाखाली गुमान चालायचे. त्यांचे दोन मालक मात्र बांधावर रोज भांडायचे, आणि भांडण झालं की एकाच तांब्यातलं पाणी प्यायचे.

मी शिकलो. कळंबच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झालो आणि मग बी.कॉम. आमच्या भावकीतला पहिला पदवीधर. हे मी लपवत नाही, का लपवावं? पदवीचा कागद घरी आणला तेव्हा मायनं तो उभा धरला, आडवा धरला आणि विचारलं, "ह्यात तुझं नाव कुठं हाय?" मी बोट ठेवलं. तिनं त्या जागेवरून आपलं बोट हळूच फिरवलं आणि म्हणाली, "एवढंसंच हाय की!" पुढं सहकारी दूध संघाच्या कळंबच्या कार्यालयात मला कारकुनाची नोकरी लागली. वर्षभरात मी घरी काळा-पांढरा टीव्ही आणला. माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट आला.

भाऊ मात्र दसरा झाला की वहिनीला घेऊन उसाला जायचा. आमच्याकडची कितीतरी घरं तशीच जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, साखर कारखान्याच्या भोवती पाचटाच्या कोप्या, आणि पाच-सहा महिने तिथंच मुक्काम. भावाची पोरगी तीन सालं त्या कोपीतच वाढली होती. त्या साली ती पहिलीत बसली. शाळेत मन रमलं तिचं. घरात येईल त्याला ती बाराखडी म्हणून दाखवायची, अगदी बैलालासुद्धा. दसरा महिन्यावर आला तेव्हा वहिनी एकदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि पदर सारखा करून म्हणाली, "मामा, पोरीला ह्या साली कोपीवर न्यायची न्हाय. आन् तिला सोडून म्या जाणार न्हाय."

मामा म्हणजे तिचे सासरे, आमचे आबा. सुनेनं त्यांच्यासमोर एवढं मोठं वाक्य त्याआधी कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आबा म्हणाले, "बरं. मग खायाचं काय?"

याचं उत्तर भाऊ बार्शीहून घेऊन आला.

बार्शीच्या बाजारात त्यानं एक पाल बघितलं होतं. आत टीव्ही, टीव्हीला जोडलेला काळा डबा आणि डब्याला वायरीनं बांधलेल्या दोन मुठी. मूठ दाबली की पडद्यावर मोटार पळायची. दुसरी कॅसेट घातली की चेंडूचा खेळ. पालाबाहेर ही गर्दी! पोरं तर पोरं, पटकेवाले बाप्येसुद्धा रांगेत. भावानं पालवाल्याशेजारी बसून दिवस काढला आणि घरी येऊन जाहीर केलं, "आपुन व्हिडिओ गेम घेऊ. टीव्ही तर घरात हायच. कळंबचा बाजार, वाशीचा बाजार, जत्रा… उसाचं नावच नगं."

आबांनी चिलीम खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "भरवशाचं हाय का?"

"पालवाला म्हणला की, लई भरवशाचं हाय."

"इकणाराला आन् चालवणाराला इचारू नगं. दोगंबी खरं सांगत न्हाईत."

चुलते तिथंच बसले होते. त्यांनी एका जत्रेत घड्याळ घेतलं होतं आणि ते बरोबर गावच्या शिवेत आल्यावर बंद पडलं होतं. तेव्हापासून विजेवर, चावीवर किंवा सेलवर चालणाऱ्या कुठल्याच वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. ते म्हणाले, "डब्ब्याचा काय भरोसा? आज गातंय, उद्या मुकं. मग ते डब्बं काय पेंड घालून पाळायचं व्हय?"

हसण्यावारी गेलं, पण प्रश्न खराच होता. माझ्या पगारातली शिल्लक आणि वहिनीच्या दोन शेळ्या, एवढ्यावर तो डबा येणार होता. दसऱ्याच्या आत ऊसतोडीचा मुकादम येऊन 'येणार का नाही' विचारणार होता. त्याला नाही म्हणावं आणि डबा बंद पडावा, असं झालं तर घरात ना कोयता ना डबा. आणि पोरीची शाळा पहिल्या घटक चाचणीतच संपणार.

घरात शिकलेला मी. तेव्हा भरवसा तपासायचं काम माझ्याकडं आलं आणि मी ते मोठ्या ऐटीत अंगावर घेतलं. कळंबमध्ये रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांच्याकडं गेलो. ते डोळ्याला भिंग लावून एका रेडिओत डोकं घालून बसले होते. डोकं न काढताच म्हणाले, "त्यात बिघडण्यासारखं काही नाही."

"मग घ्यावा?"

"आणि बिघडला तर दुरुस्त होण्यासारखंबी काही नाही. आत एक काळा किडा असतो, आयसी म्हणतात त्याला. तो जित्ता, तर डबा जित्ता. तो मेला, तर डब्यात जोंधळं भरून ठेवा."

कार्यालयात विचारलं. एकाच्या साडूनं पुण्यात असाच डबा घेतला होता, तो आठवड्यात गेला. दुसऱ्याच्या भाच्याकडचा दोन वर्षं चालू होता. तिसरा म्हणाला, बाहेरचा माल आहे, डोळे झाकून घ्या. चौथा म्हणाला, बाहेरचा माल आहे, अजिबात घेऊ नका. आठ दिवस असं फिरून मी घरी आलो आणि आबांना सांगितलं, "निम्मे लोक हो म्हणतात, निम्मे नाही म्हणतात."

आबा म्हणाले, "एवढं तर मला बी.कॉम. न होता बी ठावं होतं."

शेवटी आबा, भाऊ आणि मी एसटीनं सोलापूरला गेलो. बाजारपेठेत रेडिओ-टीव्हीचं एक दुकान होतं. दुकानदार पांढऱ्या टोपीतले, वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी डबा काढून दाखवला. चपटा, काळा, बैलगाडीतल्या खिळे-हत्यारं ठेवायच्या पेटीएवढा. सोबत दोन मुठी, तीन कॅसेटी, विजेचा एक काळा ठोकळा, एक इंग्रजी पुस्तिका आणि तिच्यात घडी घातलेला गॅरंटीचा कागद. मी लगेच कागद उघडून वाचायला लागलो. सहा महिन्यांची गॅरंटी होती. मी समाधानानं मान हलवली.

आबांनी विचारलं, "कागद कुणाचा हाय?"

दुकानदार म्हणाले, "आमचाच की. आमचा शिक्का आहे त्यावर."

"मग तो तुमच्याच बाजूनं बोलणार. आमाला जुंपून बघू द्या."

"काय करून बघू द्या?"

आमच्याकडं बैल असा घेतात: दात बघायचे, खूर बघायचे, पाठीवर थाप मारायची आणि मग बोली करायची. बैल घरी नेऊन औताला जुंपून बघणार. मारका निघाला किंवा औतात बसला, तर तुमचा तुम्हाला परत. कामात बसकण मारणाऱ्या बैलाला बशा म्हणतात. तसला बैल जन्माला पुरतो. ही सगळी हकिगत आबांनी त्या शहरातल्या दुकानदाराला, काचेच्या कपाटासमोर उभं राहून, तपशिलात सांगितली. मी मधेच म्हणालो, "आबा, इथं तसं नसतं. हे यंत्र आहे."

"यंतर हाय म्हणूनच. बैल निदान डोळ्यात बघतो."

दुकानदार हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती दिवस जुंपणार?"

"तीन दिस. बसलं तर आणून देतो. न्हाय बसलं तर आमचं."

मग किमतीचा विषय निघाला. आबा सरळ खाली बसले, खांद्यावरचा पंचा आपल्या हातावर पसरला आणि पंच्याखालून हात पुढं केला. बैलबाजारात भाव असाच होतो. पंच्याखाली बोटं दाबून बोलायचं. बाहेर कुणाला कळत नाही. माझे कान तापले. वाटलं, आता हे आपल्याला दुकानाबाहेर काढणार. दुकानदारांनी क्षणभर त्या पंच्याकडं बघितलं. मग टोपी मागं सरकवली, आबांसमोर मांडी घातली आणि आपला हात पंच्याखाली घातला!

"आमचे वडील बार्शीला अडतीवर होते," ते एवढंच म्हणाले.

पुढं बराच वेळ दोघं एक अक्षर बोलले नाहीत. आबा मान हलवायचे, ते भुवया चढवायचे. एकदा आबांनी झटक्यात हात काढून घेतला आणि उठायचं नाटक केलं; दुकानदारांनी पंच्याचं टोक धरून त्यांना बसवलं. शेवटी दोघंही एकदम हसले. काय ठरलं ते आबांनी मला पैसे मोजायच्या वेळी सांगितलं. मी जी किंमत देऊन मोकळा झालो असतो, तिच्यापेक्षा ती बरीच खाली होती. पैसे ठेवून डबा न्यायचा, तीन दिवसांत परत आणला तर पैसे परत. अट एकच, तळाशी लावलेलं कागदी सील तुटता कामा नये.

येताना एसटीत डबा आबांच्या मांडीवर होता. मी गॅरंटीचा कागद पुन्हा वाचला. एकंदर चार वेळा वाचला मी तो, अवघड शब्द शब्दकोशात बघून.

घरी आल्यावर आबांनी ठरवलं: इर्जिक घालायची. इर्जिक म्हणजे ज्याचं रान अडलंय त्याच्या रानात सगळ्यांनी आपापली औतं घेऊन यायचं आणि एका दिवसात काम पार पाडायचं. त्याला मजुरी नसते. घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं. आबांचं म्हणणं सरळ होतं. बाजारात हा डबा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालायचा आहे. घरातली पाच-सहा माणसं त्याला तेवढं दमवू शकत नाहीत. तेव्हा गल्लीनं यावं, पाळीपाळीनं खेळावं आणि डब्याचा घाम काढावा.

गल्लीत निरोप गेला. लोकांना वाटलं, रब्बीच्या पेरणीची इर्जिक आहे. एकजण तर सकाळी बैल घेऊनच दारात आला. आबा म्हणाले, "बैल बांध आन् आत ये. आज तुलाच जुंपायचं हाय."

मायनं पहाटेच ओटा सारवून घेतला होता. तिनं आपली ठेवणीतली काळी घोंगडी काढली, चौघडी केली, टीव्हीसमोर मांडली आणि त्यावर डबा ठेवला. आमच्याकडं पाहुणा येऊ दे नाहीतर नवी वस्तू, मानाचं आसन म्हणजे घोंगडी. त्यावर तिनं हळदीकुंकू वाहिलं. सूर्य उगवायला भावानं बटण दाबलं, टीव्ही उजळला आणि पडद्यावर पांढरा चेंडू टिंग टिंग करत नाचायला लागला. बाहेर बैल हंबरला. आबा म्हणाले, "चला! औत जुंपलं!"

त्या दिवसाइतकं मी आमच्या घरात माणसांना हसताना कधी बघितलं नाही.

मुठींच्या वायरींना आबा कासरा म्हणत होते. "कासरा ढिला सोड. वडू नगं, उपटंल." चुलते विश्वास नाही म्हणत म्हणत सगळ्यात पुढं येऊन बसले होते. त्यांच्या वाट्याला मोटारीचा खेळ आला. त्यांची मोटार सुरू झाली की रस्ता सोडून डाव्या हाताला जायची आणि धडकायची. प्रत्येक धडकेला चुलते स्वतः आडवे व्हायचे, शेजारच्याच्या अंगावर.

"आरं, ही डावीकडंच वडायली! डब्ब्यात खोड हाय!"

आबा म्हणाले, "तुमचा बैल बी डावीकडंच वडतोय. पंदरा सालं म्या तेच सांगायलो."

"माझा बैल सरळच चालतोय. तुमचाच त्याला रेटतोय!"

"भांडताव कशाला?" भाऊ म्हणाला. "गाडी गेली बगा वड्यात!"

चेंडूच्या खेळात दोन्ही कडेला दोन पट्ट्या असायच्या. चेंडू आपल्या पट्टीनं परत मारायचा. मी खेळलो आणि शेजारच्या दुसरीतल्या पोरीकडून हरलो. भाऊ घाईनं खेळायचा आणि हरायचा. मग मायला बसवलं. ती नको नको म्हणत बसली, पदर खोचला आणि मूठ भाकरीच्या गोळ्यासारखी हातात धरली. तिनं चुलत्यांना हरवलं, भावाला हरवलं, बैल घेऊन आलेल्याला हरवलं. ती पट्टी हलवतच नव्हती म्हणा ना! चेंडू जवळ आला की एक टिचकी.

"माय, हे कसं जमलं तुला?" मी विचारलं.

"चेंडू येऊ द्यायचा की घरी. त्याच्या मागं कशापायी पळायचं?"

दुपार झाली. ऊन तापलं. ओट्यावर तीस-पस्तीस माणसं, दार गच्च. माझी पुतणी कुणाची पाळी झाली ते ओरडून सांगत होती. आणि अचानक चित्र थरथरलं. एका मोटारीच्या दोन झाल्या, मग चार झाल्या, मग नुसत्या आडव्या रेघा. टीव्हीवर मुंग्या आल्या. डबा बंद.

"बसला!" चुलते ओरडले. "बशा निघाला! म्या म्हणलं व्हतं का न्हाय?"

पण पुढचं त्यांनाच बोलवेना. भावानं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. काही नाही. मी ठोकळा काढून पुन्हा खुपसला. काही नाही. भावाच्या तोंडाकडं मला बघवेना. वहिनी चुलीपुढून उठून आली होती, हाताला पीठ तसंच. तिनं डब्याकडं बघितलं, मग पुतणीकडं आणि मग मला विचारलं, "भावजी, कागदात काय लिवलंय?"

मी खिशातून गॅरंटीचा कागद काढला आणि घसा खाकरून वाचायला लागलो. बिघाड आढळल्यास वस्तू मूळ खोक्यासह परत आणावी, वगैरे. वाचताना मलाच कळलं की यात डबा परत न्यायचं लिहिलंय, पोरीच्या शाळेचं काही लिहिलेलं नाही.

आबा म्हणाले, "कागद ठिव. आदी जनावर बघू."

बैलाला ताप आला का ते कान धरून बघतात. आबा डब्यापुढं बसले. त्याच्या दोन्ही कडांना हात लावले, डोळे मिटले आणि म्हणाले, "कान तापल्यात." मग त्यांनी डबा हळूच उचलला, तळाला हात लावला आणि झटक्यात काढला. घोंगडीवर तळवा ठेवला आणि मायकडं वळले.

"अंडी उबवाया बसवलंस व्हय ह्याला?"

घोंगडीची चौघडी नुसती भट्टी झाली होती. डब्याच्या तळाला बारीक बारीक फटी होत्या. त्यातून आतली गरम हवा बाहेर पडायची. मायच्या मानाच्या आसनानं त्या सगळ्या गच्च दाबून धरल्या होत्या. बिचारा डबा सकाळपासून भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरल्यासारखा राबत होता.

"मला काय ठावं?" माय म्हणाली. "नव्या वस्तूला काय भुईवर ठिवत्यात?"

आता कुणीतरी पुस्तिका मागितली. गॅरंटीचा कागद ज्या इंग्रजी पुस्तिकेत होता, ती पुस्तिका मी उघडलीच नव्हती. दुसऱ्याच पानावर दोन चित्रं होती. एका चित्रात डबा जाडजूड गालिच्यावर ठेवलेला आणि त्यावर भली मोठी फुली. दुसऱ्यात डबा टेबलावर ठेवलेला आणि त्यावर बरोबरची खूण. खाली एक ओळसुद्धा नव्हती, नुसती चित्रं.

माय माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. ती म्हणाली, "हे तर मला बी वाचाया आलं असतं."

ओट्यावर हशाचा असा काही लोट उठला की बाहेरचा बैल दावं तोडायला लागला. "बी.कॉम.! बी.कॉम.!" चुलते डोळे पुसत होते. मीही हसलो. काय करणार? चार वेळा वाचला होता मी कागद, शब्दकोश घेऊन.

पण डबा अजून मुकाच होता. भाऊ हसत नव्हता, वहिनीही नाही. आबांनी पंचा झटकला आणि सांगितलं, "उन्हाचं औत सोडायचं असतंय. ते सोडलं न्हाय, ही आपली चूक. उठा, जेवून घ्या."

भावानं दोन विटा आणल्या, धुतल्या, पुसल्या आणि डबा दोन टोकांना विटांवर टेकवून सावलीत ठेवला, मधनं वारा जाईल असा. मग पंगत बसली. हुलग्याचं शेंगोळं, ज्वारीची भाकरी, कांदा. लोक जेवत होते आणि मधून मधून त्या डब्याकडं बघत होते. वहिनी वाढत होती, पण कुणाच्या ताटात काय पडतंय तिकडं तिचं लक्ष नव्हतं. चुलत्यांच्या भाकरीवर तिनं दोनदा शेंगोळं वाढलं. त्यांनी दोन्ही वेळचं खाल्लं.

ऊन कलल्यावर आबांनी पुन्हा कडांना हात लावला. "उतरला ताप." भावानं डबा टीव्हीला जोडला. बटण दाबायला मात्र त्याचा हात होईना. पुतणीनं पुढं होऊन बोट ठेवलं आणि दाबलं.

टिंग. टिंग. टिंग.

वहिनी मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. भावानं पहिला कासरा तिच्या हातात दिला. ती मायशी खेळली, हरली, पुन्हा खेळली. दिवेलागण झाली, सांजवात लागली, तरी डबा चालूच. एकदाही थरथरला नाही. आबांनी डब्यावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. "बसत न्हाय. पसंत हाय."

एक दिवसाची इर्जिक पुरे असं आबांचं मत पडलं. चुलते म्हणाले, "छ्या! माजी खातरी न्हाय झाली." दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या आधी उठून ओट्यावर हजर. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांची मोटार एकदा पूर्ण रस्ता सरळ गेली. मग म्हणाले, "आता भरवशाचं म्हणाया हरकत न्हाय."

त्याच आठवड्यात मुकादम आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि भावाला म्हणाला, "कोयता धरू ना तुमचा?" भावानं आबांकडं बघितलं. आबांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. आतून वहिनीचा आवाज आला, "सांगा, न्हाय म्हणून."

मुकादम हसला. "डब्ब्यावर पोट भरंल व्हय?"

"बसा की," भाऊ म्हणाला, "खेळून बघा."

मुकादम चार डाव खेळला आणि चारही मायकडून हरला. जाताना म्हणाला, "पुढल्या साली तरी या," आणि पाचव्या डावासाठी परत वळला.

पहिला बाजार कळंबचा केला. एका चहावाल्याकडून वीज घेतली, ताडपत्रीचं पाल टाकलं, आत टीव्ही आणि विटांवर डबा. मी पुठ्ठ्यावर रंगानं पाटी लिहिली: 'दुपारी एक ते दोन यंत्र विश्रांती घेते.' बाजारातले लोक ती पाटी वाचून हसायचे, पण कुणी ती मोडली नाही. बार्शीच्या पालवाल्याचा डबा पुढं उन्हाळ्यात बंद पडला. तो भावाला विचारायला आला, तुमचा कसा काय चालतो? भावानं त्याला पाटी दाखवली. मधे एकदा आमचाही ठोकळा जळाला, तेव्हा रेडिओवाल्या काकांनी दुसरा बसवून दिला आणि आतला किडा जित्ता असल्याचं सांगितलं.

डबा पाच वर्षं चालला. तोवर भावानं वाशीला सायकली भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं होतं. त्या इर्जिकीनंतर लोक मला विचारायला यायचे, अमुक वस्तू भरवशाची आहे का, घ्यावी का? मी सांगायचो, आधी जुंपून बघा आणि पुस्तिकेतली चित्रं बघा. कागद सगळ्यात शेवटी.

भाऊ आणि वहिनी त्या सालापासून एकदाही उसाला गेले नाहीत. माझी पुतणी एकही वर्ष न बुडवता दहावी पास झाली. आमच्या घरातली दहावी झालेली ती पहिली मुलगी.